बाहेरच्या खोलीतले हात

करंगळीला नख नाही. तरी तो माणूस त्याच करंगळीनं लोणच्याची फोड बाजूला सारतो.

तुरीच्या काटकीचा कोळसा मऊ असतो. बाभळीचा भिंतीवर ओरखडे काढतो.

पन्हाळ्यावर धुकं उतरलं की कचेरीत समोरासमोर बसलेल्या दोन कारकुनांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. दौत हवी असली तर हाक मारावी लागते.

"पाणी घालायचंच असेल तर गोड्या विहिरीचं तरी घाल गं अंबूबाई."
"अक्कासाब, म्हशीच दिसभर डोहात बसत्यात. त्येला मी काय करू?"

वाढणाऱ्या सुनेनं पानाकडं बघावं. पानामागच्या माणसाकडं बघू नये.

पलीकडच्या बोळातली गोदी एका सकाळी ट्रंक घेऊन टांग्यात बसली. तिच्याबरोबर फक्त दीर होता. त्यानंतर गल्लीत तिचं नाव कुणी घेतलेलं नाही.

चुना रात्रभर भिजला पाहिजे.

हे सगळं कालिंदीच्या डोक्यात एकदमच आलं, कारण हिंगाच्या फोडणीचा वास नाकात गेला आणि ती चुलीपुढून उठून मोरीकडं पळाली. तोंड धुऊन वळली तर दारात अक्का उभ्या.

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता. त्या मोजत होत्या.

०

अक्का म्हणजे तिच्या सासूबाई. सासऱ्यांचं मंगळवार पेठेतलं किराणा दुकान अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत गेलं आणि त्या धक्क्यानं वर्षाच्या आत सासरेही गेले. अक्कांनी डोळे पुसले, पुढच्या सोप्यात पाट मांडले आणि खानावळ काढली. कॉलेजातले विद्यार्थी, कचेऱ्यांतले कारकून, एकटे राहणारे मास्तर जेवायला येऊ लागले. थोरला मुलगा अंबादास इचलकरंजीला एका गिरणीच्या कचेरीत चिकटला, धाकटा नृसिंह पन्हाळ्याला मामलेदार कचेरीत. दोघेही सणावाराला घरी येत. एरवी घरात पद्मजेची मुलं आणि तिघी बायका: अक्का, थोरली सून पद्मजा आणि दोन वर्षांपूर्वी आलेली कालिंदी.

कालिंदीचा दिवस पहाटे चूल पेटवून सुरू व्हायचा आणि चूल सारवून संपायचा. मधे कणीक, भाजी, पंगत, उष्टं, पुन्हा पंगत. हात धुऊन पदराला पुसायचीही उसंत नसे. लहानपणी कुरुंदवाडला घाटाच्या फरशीवर विटकरीनं चित्रं काढणारी मुलगी आपणच होतो, हे तिला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

सुट्टी अशी एकच. कावळा शिवला की तीन दिवस बाहेर बसायचं. परसातल्या लाकडं-गोवऱ्यांच्या खोलीत घोंगडी टाकलेली असे. जेवण उंबऱ्यापलीकडून सरकवलं जाई. त्या खोलीत दुसरं कुणी पाऊल टाकत नसे, बाहेर बसलेल्या बाईला कुणी काम सांगत नसे. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा चूल. घरातल्या इतर बायकांना ते तीन दिवस शिक्षा वाटत. कालिंदी त्यांची वाट बघे, आणि वाट बघते म्हणून मनातल्या मनात देवाची क्षमाही मागे.

पहिल्यांदा झालं ते असंच, कंटाळ्यातून. गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी कोळसा पडला होता. तिनं भिंतीवर एक रेघ ओढली. रेघेचा अंगठा झाला. कुणाचा? ती थबकली. अंगठा ओळखीचा होता. भाताच्या मुदीला मधोमध खळगा पाडून त्यात वरण मागणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांचा.

त्या पंगतीतल्या एकाही माणसाचं तोंड तिनं नीट बघितलं नव्हतं. पण रोज दोन वेळा, खाली मान घालून वाढताना, हात बघितले होते. कुणी भात कालवत नाही, नुसता चिवडतो. कुणी पोळीचा तुकडा एकाच हातानं मोडतो. कुणाच्या बोटावर शाई, कुणाच्या मनगटाला गंडा. महिन्या महिन्याला भिंत भरत गेली. नुसते हात, मनगटापाशी संपलेले. खाली जमिनीपासून ते बसल्या जागेवरून पोचेल तिथपर्यंत.

हे पद्मजेला ठाऊक होतं. तीही त्याच खोलीत बाहेर बसे.

"कालिंदे, काय गं हे पाप करून ठेवलंयस?" ती एकदा न्हाऊन आल्यावर म्हणाली. "मला झोप येईना. कूस बदलली की सगळे पुरुष 'वाढा, वाढा' करतात."

"पुसून टाकू का वैनी?"

"पुसशील कशाला? तो चिखल तुडवल्यासारखा भात कालवणारा कारकून अगदी तसाच आलाय." मग तिनं आवाज खाली आणला. "पण अक्कांना दिसलं तर चिमट्यानं डाग देतील, सांगून ठेवते."

०

एक्कावन्न सालचा भाद्रपद. गौरी-गणपतीला नृसिंह आला, गौरी विसर्जन करून गेला. पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्यांचं काम निघालं होतं आणि दिवाळीपर्यंत कुणालाही रजा नाही असा हुकूम होता. रविवारीसुद्धा नाही.

तो गेला आणि पंगतीत एक नवे गृहस्थ आले. पेन्शनर. त्यांचा हात कापत असे. घास पानापासून ओठांपर्यंत थरथरत वर जायचा, बोटं पिंपळाच्या पानासारखी हलायची, पण एक शीत खाली पडत नसे.

कालिंदी वरणाची पळी धरून उभीच राहिली.

"वाढ की," मागून अक्का म्हणाल्या.

कापणारा हात कसा काढायचा? एका रेघेत तो गोठतो. दोन रेघांत दोन हात होतात. कणीक मळताना, विळीवर, देवापुढं फुलवात लावताना ती तेच करत होती. हात तिच्या डोळ्यांत फार दिवस राहत नसत. मग ते दुसऱ्या हातांत मिसळून जात, आणि गेलेला हात पुन्हा सापडत नसे, हे तिला अनुभवानं माहीत होतं.

पितृपंधरवडा लागला. तिचा बाहेर बसायचा दिवस आला होता. पण काही झालं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. हात पुसट व्हायला लागला.

आज ना उद्या होणारच आहे, तिनं स्वतःला सांगितलं. आज बसले काय, उद्या बसले काय. हे काही खोटं नव्हे, नुसतं थोडं आधी.

"अक्का, मी बाहेरची," असं ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली आणि मागं न बघता परसात गेली.

पद्मजा आतून ओरडली, "बसली का? तू बाहेर बसलीस की माझी कंबर आत बसते बघ."

त्या तीन दिवसांत तिनं पेन्शनरांचा हात काढला. एकावर एक, पुसट, ठळक, पुसट. रेघा इतक्या जवळ की भिंतच कापते आहे असं वाटावं. जमल्यावर ती घोंगडीवर आडवी झाली आणि तिला आनंदानं रडू आलं. असा आनंद तिला त्या घरात कधी झाला नव्हता.

तेवढ्यात परसदारी अंबूबाई येऊन उभी राहिली. उचगावची गवळण, सकाळ-संध्याकाळ दूध घालायला यायची. तिला विटाळाचं काही नव्हतं, ती सरळ खोलीच्या दारात येऊन बोले.

"धाकल्या वैनी, येक इचारू? राग न्हाय न्हवं यायचा?"

"विचार की."

"तुमी भाईर बसलायसा, मग तुमची धडुती कुटं वाळत्यात? दोरीवर चिंधी न्हाय."

कालिंदीनं रिकाम्या दोरीकडं बघितलं.

"मला काय करायचंय म्हना," अंबूबाई चरवी उचलत म्हणाली. "पर बाईमानसाला दुसरीची दोरी बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाय. उगं आपलं इचारलं."

ती गेल्यावर कालिंदीनं कोरडी धडुती बादलीत बुचकळली, पिळली आणि परसातल्या दोरीवर, सगळ्यांना दिसतील अशी, वाळत घातली.

०

मग काहीच आलं नाही.

नवरात्र गेलं. दसऱ्याला नृसिंह आला नाही. कोजागिरी गेली. अक्कांच्या खानावळीचं सगळं गाडं दोन सुनांच्या दिवसांवर चाले. कोण कधी बाहेर बसेल, कुणाच्या पाळीत श्राद्ध येईल, कुणी कधी पापड लाटायचे, हे त्यांच्या डोक्यात पंचांगासारखं बसलेलं होतं. त्या पंचांगात कालिंदीचा दिवस आला आणि ती बाहेर बसली नाही. आणि त्याच आठवड्यात फोडणीचा वास आला.

पद्मजेला आधी कळलं. तिनं कालिंदीची हनुवटी धरून हलवली. "अक्का, पेढे सांगा. दोन वर्षांनी का होईना, डोळे उघडले देवीनं."

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बघू," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून पंगतीत कालिंदीच्या हातची पळी अक्कांनी स्वतःच्या हातात घेतली. तिला आत बसवलं. कुणाला कारण सांगितलं नाही, कालिंदीला काही विचारलं नाही. पण सोप्यातून एखादा विद्यार्थी "आज धाकट्या वहिनी दिसत नाहीत" म्हणाला, तेव्हा आतल्या खोलीत कालिंदीला अक्कांची पळी पातेल्यावर आपटलेली ऐकू आली.

हिशेब सरळ होता. नृसिंह गौरी-गणपतीला आला आणि गेला. त्यानंतर ती बाहेर बसली, म्हणजे तेव्हा काही नव्हतं. त्यानंतर नृसिंह आलेला नाही. आणि आता हे.

तिनं रात्रंदिवस वाटा शोधल्या. पुन्हा बाहेर बसल्याचं सांगावं? पण ओकाऱ्या सगळ्यांनी पाहिल्या. दिवाळीला नृसिंह येईल, मग सातव्या महिन्यात झालं म्हणावं? अक्कांनी गल्लीतली किती बाळं न्हाऊ घातली होती, त्यांना सातव्या महिन्याचं आणि नवव्याचं कळणार नाही? अंबूबाईला साक्षीला आणावं, की दोरीवर चिंधी नव्हती? पण मग चिंधी होती, तिनंच घातली होती. खरं सांगावं? काय सांगावं? की मी तुमच्या पंगतीतल्या पुरुषांचे हात काढायला—

इथं तिचा विचार प्रत्येक वेळी थांबे. जे दाखवलं तर तिचं खोटं उलगडेल, तेच दाखवलं तर ती बुडेल.

टांग्याची घुंगरं वाजली की तिला वाटे, आला. ट्रंक भरायला सांगतील. नृसिंहाचा स्वभाव वाईट नव्हता, पण तो आईला विचारल्याशिवाय सदराही शिवत नसे.

पद्मजा हळूच म्हणाली, "काय केलंस गं?"

"काही नाही वैनी. शपथ."

"मग त्यांना सांग की."

"तुम्ही सांगाल? त्या भिंतीचं?"

पद्मजेनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. "मीही ती भिंत बघत झोपले ना इतके दिवस," ती म्हणाली. "मला काय सोडतील?"

०

दिवाळीच्या आधीची दुपार. पंगती उठल्या होत्या. पद्मजा मुलांना घेऊन देवीला गेली होती. परसात चुन्याचा डेरा भिजत होता. अक्का विहिरीच्या काठाला बसल्या आणि म्हणाल्या, "ये इकडं."

कालिंदी आली.

"परवा नृसिंह येईल. त्याच्या आधी मला कळलं पाहिजे. पितृपंधरवड्यात बाहेर बसली होतीस का नाही?"

"बसले होते."

"मग हे कुठलं?"

विहिरीत कुठंतरी पाणी टपकत होतं.

"बसले होते. पण आलं नव्हतं."

"माझ्यापुढं पाढे म्हणू नकोस. दोरीवर धडुती होती. माझ्या डोळ्यांनी बघितली मी."

"कोरडी होती. भिजवून टाकली होती."

"कशाला?"

"अंबूबाईनं विचारलं म्हणून."

प्रत्येक खरं उत्तर तोंडातून निघताना खोट्याहून वाईट होत होतं, हे कालिंदीला ऐकू येत होतं. तिनं विहिरीची कड धरली आणि लगेच सोडली. तिथं उभं राहून कड धरणं बरं दिसत नाही असं तिला वाटलं.

"आलं नव्हतं, तर घरचं श्राद्ध टाकून बसलीस कशाला त्या खोलीत?"

"चित्र काढायला."

"काय काढायला?"

कालिंदीनं खोलीकडं बोट केलं. अक्का उठल्या. त्यांचं बाहेर बसणं कधीच सुटलं होतं, तेव्हापासून त्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. ओलांडला तर अंघोळ. त्यांनी पदर खोचला आणि आत गेल्या. कालिंदी मागोमाग.

कौलांतल्या फटीतून उन्हाचा पट्टा भिंतीवर पडला होता. अक्का डाव्या कोपऱ्यापासून बघत निघाल्या, भाजीवाल्याची पाटी बघावी तशा, एकेक.

"हे मास्तर."

"हो."

"हा तो गडहिंग्लजचा पोरगा. नख गेलेला."

"हो."

कापणाऱ्या हातापाशी त्या थांबल्या. तिथून हलल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला होता.

"इतके पुरुष," त्या म्हणाल्या. "खोलीत निजायला घेतलेस इतके पुरुष. यात माझा नृसिंह कुठला?"

कालिंदीनं भिंतीकडं बघितलं. जणू तो असेल. तो नव्हता.

"काढ," अक्का म्हणाल्या. "इतक्या परक्यांचे काढलेस. नवऱ्याचा काढ. मला ओळखू दे."

खाली तुरकाटीचा कोळसा होता. तिनं तो उचलला, भिंतीवर एक मोकळी जागा शोधली आणि तिच्या लक्षात आलं की तिला काहीही आठवत नाही. नृसिंह सणाला येई तेव्हा त्याला वाढायला अक्का असत. आणि रात्री दिवा मालवलेला असे. त्या हाताचं वजन तिला ठाऊक होतं, ऊब ठाऊक होती. आकार ठाऊक नव्हता. दोन वर्षांचा संसार, आणि पेन्शनरांचं प्रत्येक पेर तिला पाठ होतं.

कोळसा भिंतीला टेकलेला. पुढं सरकत नव्हता. घाम कानामागून मानेवर उतरला. मागं अक्कांचा श्वास.

तिनं मान जराशी वळवली. अक्का दाराच्या चौकटीला हात टेकून उभ्या होत्या. बांगडीशिवायचा, रुंद हात. अंगठा आखूड, टोकाला चपटा, पळीसारखा. आईचा हात.

मुलगा आईवर जातो म्हणतात.

ती काढायला लागली. एकदा चौकटीकडं, एकदा भिंतीकडं, अक्कांच्या लक्षात येणार नाही इतकंच. मनगट जाड केलं. बोटं थोडी लांब. नखं पुरुषासारखी कापलेली. आखूड, चपटा अंगठा भातावर टेकलेला. तिला वाटलं होतं हात थरथरेल, पण कोळसा भिंतीला लागला आणि हात थरथरायचा थांबला. इतका वेळ तिला जी भीती वाटत होती ती दंडापर्यंत होती. त्याच्या पुढं नव्हती.

झालं. ती बाजूला झाली.

अक्का जवळ आल्या. बघितलं. फार वेळ बघितलं. मग चौकटीवरचा आपला हात त्यांनी काढून पदराखाली घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "हाच."

कालिंदी खाली बसली.

"उठ. अशा दिवसांत ओल्यात बसू नये." अक्का उंबऱ्याबाहेर गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या. "चुना भिजलाय. दिवाळी तोंडावर आहे. ही खोली तू उरक, दुसऱ्या कुणाला नको. खालपासून वरपर्यंत. दोन हात दे."

"हो."

"पद्मजेला पेढ्यांचं मी सांगते. आणि बंबात दोन काटक्या टाक. अंघोळ करायला पाहिजे मला."

०

पहिल्या हातानं काही झाकलं नाही. ओल्या चुन्याखालून हात दिसत राहिले, पाण्याखालच्या माशांसारखे. दुसऱ्या हातानं ते गेले. पेन्शनरांचा हात तिनं शेवटी ठेवला होता. कुंचा त्याच्यावरून नेताना तिनं डोळे मिटले नाहीत.

ज्येष्ठात मुलगी झाली. गल्लीला पेढे वाटले. अक्कांनी पहिली अंघोळ स्वतः घातली, कुणाच्या हातात दिलं नाही.

पुढं पुन्हा ते दिवस सुरू झाले. कालिंदी बाहेर बसू लागली. खोलीत गोवऱ्या होत्या, काटक्या होत्या, कोळसाही होता. ती भिंतीकडं पाठ करून, मुलीचं दुपटं शिवत बसे. बसल्या बसल्या डोळा लागे.

"आता बरं वाटतं," पद्मजा एकदा म्हणाली. "छान झोप लागते तिथं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तो चिखल तुडवणारा कारकून गेला वाटतं बदलून."

"कोण?" कालिंदीनं विचारलं.

मुलगी झाली त्या साली दिवाळीला नृसिंह दोन दिवस घरी होता. नरकचतुर्दशीला कालिंदीनं त्याच्या हातांना तेल लावलं. त्याचे अंगठे लांब आणि निमुळते होते.